दुखणे मराठीत, दवाखाना हिंदीत!

नागपूरहून निघून सावनेर मागे टाकावे आणि छिंदवाड्याच्या वाटेला लागावे, म्हणजे एक राज्य संपून दुसरे कोठे सुरू झाले हे प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही. तीच काळी जमीन, तीच कपाशी, त्याच संत्र्याच्या बागा आणि बांधावरून हाक मारणाऱ्याच्या तोंडी तीच मराठी! फरक पडतो तो केवळ सरकारी पाट्यांवर. ह्याच टापूत सौंसर तालुक्यातले आमचे बोरगाव आहे. येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, रेमंडसारखा मोठा कारखाना आला आणि बोरगावात विणलेले कापड देशभर गेले. त्या कापडाला कोणी सीमा विचारली नाही. सीमा विचारली जाते ती त्याच गावच्या तापाने फणफणलेल्या पोराला, अडलेल्या बाळंतिणीला आणि पान लागलेल्या शेतमजुराला!

आरोग्य योजनांचे नगारे गेली अनेक वर्षे आमच्या कानांशी वाजत आहेत. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. २०१८ साली आयुष्मान भारत आले आणि दीड लाख उपकेंद्रांचे व प्राथमिक केंद्रांचे आरोग्य व कल्याण केंद्रांत रूपांतर करावयाचा संकल्प सुटला. २०२३ साली ह्या केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नामाभिधान मिळाले. मंदिर झाले, आनंद आहे; परंतु मंदिरात देव भक्ताची भाषा समजतो अशी निदान आपली श्रद्धा असते. येथे त्याचीच वानवा! प्राथमिक आरोग्यसेवा एका गावी रुजते आणि शेजारच्या गावी करपून जाते, ती का, ह्याचा खल मोठमोठ्या परिषदांतून चालतो. पैसा, इमारत, औषध, मनुष्यबळ ही कारणे खरीच आहेत. ती आम्ही नाकारीत नाही. पण ह्या साऱ्यांच्या आधी दोन गोष्टी लागतात. एक, रुग्णाची भाषा. आणि दुसरी, रुग्णाची वाट. सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी माणसाच्या ह्या दोन्ही गोष्टी १ नोव्हेंबर १९५६ रोजी एका रेघेने तोडल्या गेल्या, आणि तेव्हापासून ज्या ज्या योजना आल्या त्या ह्या तुटलेल्या जागीच अडखळल्या.

थोडा इतिहास उगाळला पाहिजे. भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला आणि दर चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असे सुचविले. सामूहिक विकास योजनेबरोबर, म्हणजे १९५२ पासून, अशी केंद्रे प्रत्यक्षात येऊ लागली. त्या वेळी सौंसरची राजधानी कोणती होती? नागपूर! ज्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदाने, नागपूर वसविले तो देवगड किल्ला छिंदवाडा जिल्ह्यातच उभा आहे. जुन्या मध्यप्रदेशात हिंदीच्या बरोबरीने मराठी ही राजभाषा होती. म्हणजे आरोग्य केंद्र ही कल्पना आमच्या मुलखात आली तेव्हा तिचा कागद मराठीत निघू शकत होता आणि तिची वाट नागपूरला जात होती. पुढे राज्यपुनर्रचना झाली. खेड्याकडे पाहावयाचे सोडून जिल्हा हा घटक धरला गेला. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा जिल्हा हिंदी बहुसंख्येचा म्हणून त्याच्या पोटातला मराठी सौंसर तालुका त्याच्याबरोबर भोपाळला बांधला गेला. आंध्र-मद्रास सीमेवर हाच प्रश्न आला तेव्हा पाटसकरांनी खेडे हा घटक मानला, आणि १ एप्रिल १९६० पासून गावे इकडची तिकडे झाली. जो न्याय तेलुगू आणि तामिळ खेड्यांना मिळाला तो बोरगावला का मिळू नये, ह्या प्रश्नाचे उत्तर आजतागायत कोणी दिलेले नाही.

आणि गंमत पहा! २०२३ साली मध्यप्रदेश शासनाने स्वतःच छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढले व पांढुर्णा हा नवा जिल्हा निर्माण केला. जिल्हा हा घटक धरून आम्हांला अडकविले होते. आता तो जिल्हाच फोडून आमचा वेगळा जिल्हा केला. जुन्या युक्तिवादाचा पायाच त्यांनी आपल्या हाताने उकरला आहे. त्याबद्दल आम्ही भोपाळचे आभार मानतो!

आता दवाखान्याच्या दाराशी येऊ. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, ‘टीकाकरण’. हिंदीत टीका म्हणजे लस. मराठीत टीका म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे. टीका काय असते ते आजचा हा लेखच दाखवीत आहे. दुसऱ्या फलकावर दस्ताची लक्षणे दिलेली असतात. हिंदीत दस्त म्हणजे हगवण. मराठी शेतकऱ्याला दस्त ठाऊक असतो तो खरेदीखताचा! बाळाला हगवण लागली की पाण्यात मीठ-साखरेची पुडी विरघळवून द्यावी, ही जीव वाचविणारी विद्या आहे. ती विद्या दस्त ह्या शब्दाखाली लिहून ठेवली, तर ती सरकारदरबारी नोंदली जाते, आईपर्यंत पोहोचत नाही. तान्ह्याला न्यूमोनिया झाला की मराठी आई म्हणते, ‘पोट उडतंय’. हिंदी पत्रकात लिहिलेले असते, ‘पसली चलना’. लेकराच्या ज्या खुणेवरून मायने रात्रीच गाडी जुंपावयाची, ती खूण तिच्या बोलीत नसेल तर ती सकाळची वाट पाहील. आणि बायकांची दुखणी? ‘अंगावरून जातं’ एवढे दोन शब्द उच्चारावयालाही मराठी बाई आधी चारदा पदर सारखा करते. तेच शब्द परभाषेत शोधून, परक्या माणसासमोर ती उच्चारील, ही अपेक्षा बाळगणाऱ्याने आपल्या घरी एकदा विचारून पाहावे.

ह्यावर ठरलेले उत्तर मिळते: ‘सीमेवरच्या लोकांना हिंदी समजते हो!’ समजते, हे खरे. बाजारात समजते, सिनेमात समजते, रेल्वेच्या खिडकीवर समजते. पण बाजारहाटाची भाषा निराळी आणि कळा सोसण्याची भाषा निराळी. संत्र्याचा भाव करताना चुकले तर दोन पैशांचे नुकसान होते. गोळी सकाळी घ्यावयाची की रात्री, उपाशीपोटी की जेवणानंतर, हे चुकले तर काय होते हे डॉक्टरांनीच सांगावे. शिवाय ही मागणी आमची एकट्याची नाही. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये समारंभपूर्वक वैद्यकशास्त्राची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. वैद्यकाचे ज्ञान मातृभाषेत मिळाले पाहिजे, असा उद्घोष झाला. आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो! शरीरशास्त्र शिकणाऱ्या तरुणाला जर मातृभाषा हवी, तर अंगठा उठविणाऱ्या म्हातारीला ती नको काय? भोपाळच्या विद्यार्थ्याला जो न्याय, तो बोरगावच्या बाळंतिणीला का नाही? की मातृभाषेचा महिमा ही फक्त हिंदीची मिरासदारी आहे?

दिल्लीच्या दप्तरातही आमच्या बाजूचा कागद आहे. राज्यपुनर्रचनेबरोबर १९५६ साली भाषिक अल्पसंख्यांच्या संरक्षणाचे ज्ञापन निघाले. एखाद्या भागात अल्पसंख्यांची संख्या पंधरा ते वीस टक्के असेल, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, असे त्यात म्हटले आहे. सौंसर-पांढुर्ण्यात मराठी माणूस पंधरा टक्के आहे काय, हे विचारण्यासाठी शिरगणतीचे दप्तर उघडावयाची गरज नाही. पांढुर्ण्याच्या बाजारात पाच मिनिटे उभे राहिले की पुरे. लसीच्या तारखेहून महत्त्वाची सरकारी सूचना ती कोणती?

मग येथे जे थोडेफार चालते ते कशाने चालते? आम्ही स्पष्ट सांगतो. ते चालते आशा कार्यकर्तीमुळे आणि गावच्या परिचारिकेमुळे. हजार वस्तीमागे एक आशा, ती त्याच गावची सून, तिची भाषा घराघराची. तिच्या हाती दिलेली वही हिंदीत असेल, तिचे प्रशिक्षण हिंदीत झाले असेल. पण उंबरठ्यावर बसून ती जे बोलते ते मराठीतच. शासनाचे हिंदी ती आपल्या पदरचे श्रम घालून मराठी करते आणि ह्या भाषांतराचा मोबदला तिला कोणत्याही तक्त्यात मिळत नाही. योजना यशस्वी झाली की श्रेय भोपाळचे. फसली की दोष ‘अडाणी जनते’चा!

गावची बाई गावच्या भाषेत काय करू शकते, हे महाराष्ट्राने जगाला दाखविले आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० साली जामखेडला काम आरंभिले. ज्यांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते अशा बायांना त्यांनी गावच्या आरोग्य कार्यकर्त्या केले. पुढे १९७८ साली आल्मा-आटा येथे साऱ्या राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा काढला; जामखेडच्या बाया तो वाचावयाच्या आधीच जगत होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी खेड्यातल्या बायांना नवजात बाळ तपासावयास शिकविले. बाळ गार पडले, दूध ओढीना, रडणे क्षीण झाले, ह्या खुणा त्यांच्याच शब्दांत त्यांना दिल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात त्या प्रयोगाचा निष्कर्ष छापून आला: नवजात बालकांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटले! तेथे मोठी इमारत नव्हती, यंत्रे नव्हती. गावची बाई होती, तिला नेमके ज्ञान मिळाले होते आणि ते ज्ञान तिच्या भाषेत होते. पुढे हीच घरपोच नवजात-सेवा देशभरच्या आशांच्या कामात समाविष्ट झाली. गडचिरोलीत मराठीत आणि गोंडीच्या सान्निध्यात पिकलेले हे बियाणे हिंदी वेष्टनात गुंडाळून आमच्या मराठी गावात परत यावे, ह्याला काय म्हणावे!

गोंडीचा उल्लेख आला म्हणून सांगून ठेवतो. पांढुर्णा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. डोंगराकडच्या आमच्या गोंड बांधवांच्या दुखण्याला तर हिंदीतही वाट नाही आणि मराठीतही नाही. मराठीसाठी भांडताना त्यांच्या बोलीवर आम्ही पाय दिला, तर आमच्यात आणि भोपाळमध्ये फरक तो कोणता राहिला?

येथे विरोधक हळूच एक बाण सोडतात. ते म्हणतात, ‘महाराष्ट्रात गेल्याने काय साधणार? मेळघाटात बालके मेली ती मराठी राज्यातच ना?’ होय, मेळघाट महाराष्ट्रातच आहे आणि तो महाराष्ट्राला लाज आणणारा प्रश्न आहे. मुंबईच्या सचिवालयाने त्या लेकरांकडे वर्षानुवर्षे जी पाठ फिरविली तिचे समर्थन आम्ही करणार नाही. विलीनीकरण झाले की दुसऱ्या दिवशी दर दवाखान्यात डॉक्टर हजर होईल, अशी भाबडी आशाही आम्ही कोणाला दाखवीत नाही. पण मेळघाटच्या आईला निदान आपल्या सरकारला जाब विचारता येतो आणि आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयातून नागपूरला जावयास तिला राज्य ओलांडावे लागत नाही. बोरगावच्या आईला हे दोन्ही नाही.

ही झाली भाषेची गोष्ट. वाटेची गोष्ट तर याहून कठोर आहे. सरकारी शिडी अशी: उपकेंद्र, त्यावर प्राथमिक केंद्र, त्यावर सामुदायिक केंद्र, त्यावर जिल्ह्याचे रुग्णालय. पाच हजार वस्तीला उपकेंद्र, आदिवासी भागात तीन हजाराला. तीस हजाराला प्राथमिक केंद्र, आदिवासी भागात वीस हजाराला. कागदावर शिडी उभी आहे. पण रुग्ण शिडीने जात नाही, रस्त्याने जातो. आणि आमचा रस्ता नागपूरला जातो. मेडिकल तेथे, मेयो तेथे, २०१८ पासून एम्सही तेथे. छिंदवाड्यास वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते २०१९ साली, म्हणजे रेघ ओढल्यावर त्रेसष्ट वर्षांनी. तोवर आणि त्यानंतरही, दुखणे वाढले की सौंसर-पांढुर्ण्याचा माणूस दक्षिणेकडेच तोंड करतो. ती त्याची हौस नव्हे, भूगोल आहे. ओलिताला रात्री बागेत गेलेल्याला पान लागले, तर विषरोधी औषध पहिल्याच केंद्रावर मिळून पुढे जवळच्या मोठ्या रुग्णालयात विनाखोळंबा रवानगी व्हावयास हवी. पण चिठ्ठी एका राज्याची, रुग्णवाहिका त्या राज्याच्या कारभाराखालची आणि पलंग दुसऱ्या राज्याचा! पोहोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासणी. परत आल्यावर काय उपचार झाले, हे गावच्या केंद्राला कळवावयाचे कोणी?

‘आयुष्मान कार्ड देशभर चालते,’ असे आम्हांला सांगितले जाते. चालते, आम्ही नाही म्हणत नाही. पाच लाखांचे संरक्षण ही लहान गोष्ट नव्हे. पण ते कार्ड चालते रुग्णालयात दाखल झाल्यावर. दाखल होण्याची पाळी येऊ नये म्हणून जी साधी सेवा लागते, रक्तदाबाची गोळी, गरोदरपणातली तपासणी, पोराच्या खोकल्याला जाणता सल्ला, तिला ते कार्ड शिवत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला या. जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे ठाकतात, गोटमार सुरू होते, डोकी फुटतात. त्या दिवशी शासन काय तत्पर असते! तात्पुरते दवाखाने उभे राहतात, डॉक्टर येतात, रुग्णवाहिका रांगेत उभ्या राहतात, गंभीर जखमींना नागपूरला हलविण्याची सोय असते. म्हणजे मनात आणले तर हे जमते! वर्षातून एक दिवस दगड खाणाऱ्याला जे मिळते ते उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मुकाट्याने ताप सोसणाऱ्याला का मिळू नये?

आणि आता ती गोष्ट, जी लिहिताना आमची लेखणी जड होते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खोकल्याच्या औषधाने परासियाकडची चिमुकली मुले दगावली. ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली आणि आईबापांनी त्यांना उराशी धरून नागपूर गाठले. वीसहून अधिक बालके गेली. बहुतेक छिंदवाडा जिल्ह्यातली, पण बैतूल आणि आमच्या पांढुर्णा जिल्ह्यालाही तो घाव बसला. परासिया मराठी मुलूख नव्हे. त्या हिंदी मातांचे दुःख आमच्या दुःखाहून वेगळे आम्ही मानीत नाही. पण त्या प्रसंगाने सीमेचे खरे रूप उघडे पडले. औषध बनले तामिळनाडूत, पाजले गेले मध्यप्रदेशात आणि लेकरे प्राण सोडीत होती महाराष्ट्रात! ज्या टापूतले रुग्ण मोठ्या उपचारासाठी नित्य नागपूरला जातात, त्या टापूचे आरोग्य खाते आणि नागपूरचे आरोग्य खाते ह्यांच्यात रोजचा पूल असावयास हवा की नको? एकाच भागातली मुले एकाच खुणेने येत आहेत, हे नागपूरच्या खाटेवर दिसले की त्याच संध्याकाळी गावच्या आशेला कळले पाहिजे, ‘खोकल्याची बाटली देऊ नका.’ आजार एका दप्तरात, मृत्यू दुसऱ्या दप्तरात, अशी वाटणी राहिली तर पुढच्या वेळीही आपण बाटल्या मोजणार नाही, तिरड्या मोजू.

असेच सिकलसेलचे. विदर्भात आणि लगतच्या मध्यप्रदेशात हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आईबाप दोघेही वाहक असले, तर दर गर्भारपणी बाळाला प्रत्यक्ष आजार होण्याचा संभव चारात एक. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जाहीर झाले. तपासणी करावयाची, कार्डे द्यावयाची, सोयरिकीपूर्वी कार्डे जुळवावयाची. उत्तम! पण आमच्या सोयरिकी कोठे होतात? सौंसरची मुलगी सावनेरला, नरखेडचा मुलगा पांढुर्ण्याला, वरूडची सून बोरगावला. पत्रिका दोन राज्यांत सुखाने जुळतात, मग रक्ताच्या नोंदी दोन दप्तरांत कोंडलेल्या का? पहिलटकरीण माहेरी जाते हा आपला रिवाज. माहेर महाराष्ट्रात, सासर मध्यप्रदेशात. जननी सुरक्षा योजनेत मध्यप्रदेशच्या ग्रामीण मातेला चौदाशे रुपये आणि महाराष्ट्रात पात्र ठरलेल्या ग्रामीण मातेला सातशे. (ह्या एका बाबीत आमची बाजू वरचढ आहे, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे!) बाई एकच, बाळ एकच; नियम मात्र नदी ओलांडली की बदलतो.

राहता राहिली मुंबई. तिला सोडून भोपाळलाच झोडपणे न्यायाचे होणार नाही. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कर्नाटकातील ८६५ मराठी गावांना लागू करावयाचे ठरविले. कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी आकांडतांडव केले. तरी महाराष्ट्राने आपल्या सीमाबांधवांच्या आजारपणाची जबाबदारी घेतली, ह्याचा आम्हांला अभिमान वाटला. पण त्या यादीत बोरगाव नाही, सौंसर नाही, पांढुर्णा नाही. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दाव्यातही आम्ही नाही. मुंबईच्या नकाशात सीमा म्हणजे दक्षिण. ईशान्येच्या कोपऱ्यावर कोणाची तरी शाई सांडलेली दिसते! बेळगाव, निपाणी, कारवारच्या लढ्याला आमचा सलाम आहे. त्यांच्या पानावरचे काही आम्हांला काढून घ्यावयाचे नाही. आम्हांला पंगतीत आपले पान हवे आहे.

विलीनीकरणाची मागणी आम्ही सोडलेली नाही व सोडणार नाही. पण ताप विलीनीकरणाची वाट पाहत थांबत नाही. म्हणून आज, ह्या घडीला, भोपाळकडे आमचे मागणे आहे: पांढुर्णा जिल्ह्यातील प्रत्येक आरोग्य केंद्राचा फलक, गरोदर मातेची पुस्तिका, लसीचे पत्रक आणि आशेचे प्रशिक्षण हिंदीबरोबर मराठीतही झाले पाहिजे, आणि डोंगराकडच्या गावांत गोंडी जाणणारी कार्यकर्ती नेमली पाहिजे. मुंबईकडे मागणे आहे: ८६५ गावांना दिलेली योजना सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी गावांना लागू करा. दोघांकडे मिळून मागणे आहे: नागपूर आणि पांढुर्णा ह्या दोन जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांची नियमित बैठक, एकमेकांच्या चिठ्ठीला मान आणि रुग्ण परतला की त्याचा कागद गावच्या केंद्रावर.

वाचकहो, ह्यासाठी मोर्चाची वाट पाहू नका. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असावयाची आहे. तिच्यासाठी वर्षाला दहा हजार रुपयांच्या निर्बंधमुक्त निधीची तरतूद आहे. आपल्या गावच्या समितीत कोण कोण आहे आणि त्या निधीचे काय झाले, हे विचारा. त्यातून मराठी फलक रंगवावयास किती खर्च येतो, तेही विचारा. येत्या ग्रामसभेत हा ठराव मराठीत लिहून मांडा, मराठीतच वाचा आणि त्याची नोंद घ्यावयास लावा. ठरावाची एक प्रत पांढुर्ण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, एक मुंबईला आणि एक आमच्या कार्यालयात धाडा; ज्या गावचा ठराव येईल त्या गावाचे नाव आम्ही ह्याच पानावर छापू. पहिले नाव बोरगावचे असावे अशी आमची इच्छा आहे.